श्वास मोजणाऱ्या यंत्राची उलटतपासणी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला काय सिद्ध करायचे आहे, ते आरंभीच लिहितो. तळहातावर मावणारे, फुंक मारली की छातीतली हवा मोजणारे हे यंत्र इतके अचूक नाही की त्याच्या आकड्यावरून कोणी आपले काम सोडावे. ही माझी प्रतिज्ञा. ती खोटी ठरली तर तेही लिहीन. पण ठरेल असे आज वाटत नाही.

प्रथम वस्तुस्थिती नोंदवतो, म्हणजे पुढे तिच्याविषयी वाद उरणार नाही. तुझी नात क्रांती येथील एका रुग्णालयात छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. खेडोपाडी नेता येतील अशी ही यंत्रे रुग्णालयातल्या मोठ्या यंत्राच्या तुलनेत कितपत बरोबर आकडा देतात, याची तपासणी तिचा विभाग करतो आहे. त्यांतले एक यंत्र तिने दिवाळीत गडहिंग्लजला तुझ्या गुऱ्हाळावर ठेवले आणि दुसरे माझ्याकडे. तुमच्या यंत्रात तुझ्या धाकट्या सुनेने, रूपालीने, फुंक मारली तेव्हा पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा फार कमी भरली. क्रांतीचे म्हणणे असे की रूपालीने चुलवाणासमोर, म्हणजे गुळाच्या भट्टीच्या जाळासमोर, बसणे थांबवावे आणि पूर्ण तपासणीसाठी कोल्हापूरला यावे. तुझे म्हणणे असे की हंगाम नुकताच सुरू झाला आहे, रसाच्या काहिलीखाली जाळ घालायला दुसरे माणूस मिळत नाही, आणि खेळण्याएवढ्या यंत्राच्या सांगण्यावरून गुऱ्हाळ थंड करावे काय. "तू सांगशील ते मी मानीन," असे तू फोनवर म्हणालीस.

फोनवर मी उत्तर दिले नाही, कारण फोनवर आपण दोघे एकाच वेळी बोलतो आणि नंतर कोण काय म्हणाले हे कोणालाच सांगता येत नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला तेवढी सवलत असावी.

तपासणीची पद्धत अशी. तुलनेसाठी खात्रीचा एक आकडा हाती असावा लागतो. तो माझ्याजवळ आहे. दोन वर्षांपूर्वी रुग्णालयातल्या मोठ्या यंत्रावर माझी पूर्ण फुंक तीन लिटर भरली होती. वयाच्या मानाने उत्तम, असे तेथील डॉक्टरांनी लिहून दिले होते. वाढत्या वयाची जी किरकोळ घट धरावी लागते, ती मी वजा करीन. आता रोज दुपारी नव्या यंत्रात फुंक मारायची आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. मी निरोगी आहे. विडी-तंबाखूला मी कधी शिवलो नाही. सकाळी विजयसिंहाच्या कबुतरांची ढाबळ अजून स्वतःच झाडतो. आपला भाऊ गेल्यापासून ती जबाबदारी माझ्याकडे आली, हे तू जाणतेस. यंत्रही गच्चीवर ढाबळीशेजारच्या फळीवरच ठेवले आहे. तेथे उजेड आहे, आकडे नीट वाचता येतात.

तुमच्या यंत्रात घरातल्या आणखी काही माणसांनी फुंक मारावी आणि काय भरते ते कळवावे.

तुझा,
अमरसिंह


मळा, गडहिंग्लज
२७ नोव्हेंबर २०२४

चि. अमरला आक्काचे आशीर्वाद.

डोळ्याचं आपरेशन झाल्यापास्नं लिहायला जमत न्हाय. मी सांगतो आन् रूपाली लिहिती. बोलतो तसंच लिही, सुधरवत बसू नको, म्हणालोय हिला. तुझं पत्र हिनंच वाचून दावलं. पत्र कसलं, तलाठ्याची नोटीस ती. क्रांती कोण, ती काय करती, हे मला कशाला सांगतोस? माझी नात मला म्हाईत हाय की रे.

तू म्हणालास म्हणून समद्यांना फुंकायला लावलं. माझं वयाच्या मानानं बरं आलं. हिच्या नवऱ्याचं, जोतीरामाचं चांगलं आलं, पण तो बापय गडी, घाण्यावर असतोय, जाळापुढं न्हाय. शेजारची धोंडुबाई आली, मला बी बघू दे म्हणाली, आन् अशी फुंक मारली की कवळी भाईर येऊन यंत्रावर आपटली. तवापास्नं ती यंत्राकडं बघत न्हाय. आपला गुळव्या धोंडीराम तर हातच लावंना. म्हणतोय, माझी हवा मोजून कुठल्या बाजारात घालायची हाय?

रूपालीचा आकडा मात्र रोज तसाच. कमी म्हंजे कमीच. क्रांती फोन करून माझं डोकं खाती, आज्जी, काकूला पाठव. मी तिला म्हणालो, अमरचा निकाल येऊ दे. तो लहानपणी बी आईनं दिलेलं दूध मापून घेत हुता, त्याच्या हातनं चुकायचं न्हाय.

कबुतरांना नीट बघ. विजूचा जीव हुता त्यांच्यात.

आक्का

मामा, हे खालचं मी माझ्या मनानं लिहिते, आत्यांना वाचून दाखवणार नाही. चिपाडं ओली असली की छातीत शिट्टी वाजल्यासारखं होतं. काहिलीपासून विहिरीपर्यंत जाताना मध्ये थांबावं लागतं. पोरं म्हणतात, आई, तुझ्या छातीत मांजर आहे. यंत्र खोटं असेल तर हे कशानं होतं? एवढंच विचारायचं होतं.
रूपाली


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आक्कास,
साष्टांग नमस्कार.

धोंडुबाईंची कवळी सुखरूप असेल अशी आशा आहे.

महिनाभराच्या तपासणीचा निष्कर्ष कळवतो. माझी फुंक वयाची घट वजा करूनही तीन लिटरांच्या जवळपास भरायला हवी. हे यंत्र ती दोन पूर्णांक चारच्या आसपास दाखवते. एखाद्या दिवशी चूक होऊ शकते. रोज त्याच दिशेने चूक होत असेल, तर ती मापाची चूक. वाण्याचा तराजू रोज एकाच बाजूला झुकत असेल तर आपण गिऱ्हाइकाला दोष देत नाही.

युक्तिवाद पाच पायऱ्यांत असा मांडतो. हे यंत्र कमी दाखवते. कारण निरोगी माणसाचीही हवा ते कमी मोजते. जे माप निरोग्याला आजारी ठरवते, त्याने आजारी ठरवलेला माणूस खरोखर आजारी आहे असे म्हणता येत नाही. रूपालीला याच मापाने आजारी ठरवले आहे. म्हणून तिच्या आकड्यावरून तिचा आजार सिद्ध होत नाही.

मला एवढ्यावर थांबता आले असते. परंतु दोष आहे असे म्हटले की दोषाचे कारणही दाखवावे लागते, आणि ते मला सापडले आहे. या यंत्राच्या नळीत एक बारीक पाते असते; फुंकेने ते फिरते आणि त्याच्या फेऱ्यांवरून हवा मोजली जाते. माझे यंत्र ढाबळीजवळ असते. मी ढाबळ झाडतो तेव्हा पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची बारीक धूळ उडते. उन्हाच्या तिरिपेत ती धुरासारखी दिसते. ती पात्यावर बसून ते जड होत असणार. याला पडताळा मिळाला. मध्यंतरी एका व्याख्यानासाठी मी जयसिंगपूरला गेलो आणि काही दिवस तेथेच राहिलो. यंत्र बरोबर नेले होते. तेथे आकडे हळूहळू वर चढले. यंत्राला स्वच्छ हवा मिळाली. परत येऊन ढाबळ झाडायला लागलो, आणि ते पुन्हा खाली आले. कारण असते तेव्हा परिणाम असतो, कारण नसते तेव्हा परिणाम नसतो. याहून सरळ पुरावा मी विद्यार्थ्यांनाही कधी दाखवला नव्हता. खरे सांगायचे तर या शोधाने मला बराच आनंद झाला. तुमच्याकडे कबुतरे नाहीत, पण गुऱ्हाळाची काजळी आहे. पाते तिनेही जड होईल.

क्रांतीने मला रुग्णालयात येऊन मोठ्या यंत्रावर नव्याने फुंक मारण्यास सुचवले होते. मी नकार दिला. खात्रीचा आकडा एकदा हाती असताना तो पुन्हा मागण्याचे प्रयोजन नाही. शिवाय तेथील जिना उंच आहे. हल्ली मी घरच्या जिन्याच्या वळणावरही एक खुर्ची ठेवली आहे. तेथे थोडे बसले म्हणजे पेठेतला रस्ता चांगला दिसतो, संध्याकाळी तालमीची मुले चेंडू घेऊन जातात.

तुझ्या पत्राच्या शेवटी वेगळ्या शाईत एक प्रश्न आला होता. तो यंत्राच्या अचूकतेविषयी नाही, म्हणून येथे त्याचा विचार करीत नाही.

निष्कर्ष: यंत्राची साक्ष ग्राह्य नाही. त्याच्या आधाराने गुऱ्हाळ थांबवण्याचे कारण मला दिसत नाही.

तुझा,
अमरसिंह


मळा, गडहिंग्लज
२९ डिसेंबर २०२४

चि. अमरला आशीर्वाद.

निकाल पोचला. माझ्या उरावरचा धोंडा उतरला. क्रांतीला सांगितलं, तुझ्या आजोबानं तुझं यंत्र नापास केलं. ती म्हणाली, मला ती पत्रं बघायला पाठव. पाठवतो, तुझी दोन्ही बी.

गूळ यंदा पिवळाधमक हाय. रूपालीच्या हाताखाली जाळ कमीजास्त हुत न्हाय, धोंडीराम बी कबूल करतोय. तुला एक ढेप धाडतो जोतीरामाबरुबर.

आन् जिन्यात खुर्ची कुणी ठेवती व्हय रे? येणाऱ्याजाणाऱ्यानं काय तुझ्या मांडीवरनं जायचं?

आक्का

मामा, माझ्या प्रश्नाबद्दलची ओळ मी आत्यांना वाचून दाखवली नाही. तुम्ही एवढं तपासून लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. आता यंत्र खुंटीला अडकवून ठेवलंय.
रूपाली


कोल्हापूर
२२ जानेवारी २०२५

ती. अमरआजोबांना,
शि. सा. नमस्कार.

तुम्हाला फोनवर सांगितलेलं पटत नाही, म्हणून लिहिते.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी रूपालीकाकूला चुलवाणासमोरच श्वास घेता येईना. जोतीरामकाकांनी गूळ न्यायच्या टेम्पोत घालून आधी गडहिंग्लजला आणि तिथून आमच्याकडे आणलं. आता ती धोक्याबाहेर आहे. सावरल्यावर तिला मोठ्या यंत्रावर फुंकायला लावलं, आणि लगेच त्याच नमुन्याच्या आमच्याकडच्या एका छोट्या यंत्रावर. दोन्हींत नगण्य फरक आला. तिच्या श्वासनळ्या आकसलेल्या आहेत. धुरानं वाढलेला दमा आहे. औषधानं ताब्यात राहील, पण जाळापुढं बसून नाही. दिवाळीत आली असती तर इतकं झालं नसतं. हे तुम्हाला दुखवण्यासाठी लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते.

आज्जीनं तुमची पत्रं पाठवली. दोनदा वाचली. युक्तिवादात मला एकही पायरी निसटलेली दिसली नाही. म्हणूनच मला शंका अशी की त्याचा पायाच कुठंतरी चुकला आहे. तुमच्या यंत्राची तपासणी अजून झालेलीच नाही, कारण त्यात तुमच्याशिवाय कोणीच फुंकलेलं नाही.

तीन विनंत्या. यंत्र साफ करू नका, आहे तसंच धुळीत राहू द्या. आज्जीकडचं यंत्र मी तुमच्याकडे मागवते आहे. आणि जयसिंगपूरला जिना चढताना तुम्ही कितीदा थांबलात, ते आठवून ठेवा.

क्रांती


मळा, गडहिंग्लज
३१ जानेवारी

अमर,

हे माझ्या हातानं लिहिलंय. वळी वाकड्या हायत. लिवणारी अजून दवाखान्यात हाय.

तुझ्या शब्दावर मी तिला बसवली. तू लिहिलंस, मी ऐकलं, दोघांचं झालं. आता भांडत न्हाय.

यंत्र जोतीरामाबरुबर पाठवलंय. गुऱ्हाळ बंद केलं. उरलेला ऊस कारखान्याला जाऊ दे.

तुझ्या पत्रातली ती वळ, वेगळ्या शाईतल्या प्रश्नाची, ती क्रांतीनं मला वाचून दावली. काय विचारलं हुतं रूपालीनं तुला?

आक्का


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२ मार्च २०२५

तीर्थरूप आक्कास,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला विलंब झाला. मध्ये मीही रुग्णालयात होतो. काळजीचे कारण नाही. क्रम सोडून लिहिले तर तुला उगाच भीती वाटेल, म्हणून क्रमाने लिहितो.

जोतीराम यंत्र घेऊन आला त्याच रविवारी क्रांती आली. तिच्या हातात रंगपंचमीच्या पिचकारीसारखे, पण मांडीएवढे जाड एक नळकांडे होते. त्यात बरोबर तीन लिटर हवा मावते, न कमी न अधिक. यंत्रे तपासण्यासाठीच ते केलेले असते. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की असे साधन जगात आहे हे मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याचा मी प्रयत्नही केला नव्हता. मी ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. फार सुबक वस्तू आहे.

"ढकला," ती म्हणाली.

माझे यंत्र फळीवर होते तसेच, धुळीने माखलेले. पिचकारी त्याच्या नळीला लावून मी दट्ट्या रेटला. आकडा आला तीन. सावकाश रेटला, तरी तीन. मग तुमचे काजळलेले यंत्र लावले. तेथेही तीन.

"आता तुम्ही फुंका. दोन्हींत."

मी फुंकले. माझ्या यंत्रात दोन पूर्णांक चार. तुझ्या यंत्रातही दोन पूर्णांक चार. नंतर तिने स्वतः दोन्हींत फुंकले, जोतीरामाने फुंकले. त्यांचे आकडे दोन्हींकडे सारखे आणि जसे असावेत तसे. जोतीराम म्हणाला, "मामा, धूळ बसून पातं जड झालं म्हणालता न्हवं? मग ते माझ्या फुंकंला हलकं कसं झालं?"

क्रांतीने पत्र्याच्या पेटीवर बसकण मारली होती. ती म्हणाली, "यंत्रं दोन तपासली, आजोबा. पिचकारी एक. आता तपासायचं कोण राहिलं?"

"मी," मी म्हणालो.

खाली उतरताना ती जिन्याच्या वळणावर थांबली आणि माझ्या खुर्चीवर बसली.

"ही कधी ठेवलीत?"

"गणपतीच्या सुमारास."

"कशासाठी?"

"येथून रस्ता दिसतो."

तिने समोर पाहिले, मान वाकवून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "आजोबा, इथून भिंत दिसते."

आक्का, मी गेले सहा महिने त्या खुर्चीवर बसतो आहे. तेथून भिंतच दिसते. रस्त्याचा आवाज मात्र येतो, आणि त्यावरून मी मुलांना पाहत होतो असे स्वतःला सांगत आलो. दम घेण्यासाठी थांबतो, हे वाक्य मी एकदाही मनात उच्चारले नव्हते. जयसिंगपूरला, क्रांतीने आठवून ठेवायला सांगितले होते तसे आठवून पाहिले, पहिल्या दिवशी जिन्यात थांबलो होतो आणि शेवटच्या दिवशी थांबलो नव्हतो.

पुढचे थोडक्यात. मोठ्या यंत्रावर फुंकले; आकडा छोट्या यंत्राएवढाच आला. छातीचे क्ष-किरण छायाचित्रण झाले. कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली की काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती हळूहळू ताठर होतात. माझी झाली आहेत, पण उशीर झालेला नाही, असे डॉक्टर म्हणतात. माझा आणि रूपालीचा आजार एक नाही. तिच्या नळ्या आकसतात, माझ्यात हवा पुरती मावतच नाही. यंत्राने दोघांचे वेगवेगळे आणि दोघांचेही खरे सांगितले होते. धूळ यंत्रात शिरते एवढे मी शोधून काढले. ती ज्याच्या हातात झाडू होता त्याच्या छातीत आधी शिरते, हे त्याच शोधाच्या एक पाऊल पुढे होते, आणि मी तेथे थांबून स्वतःची पाठ थोपटत होतो.

विजयसिंहाची कबुतरे जयसिंगपूरच्या एका शौकिनाला दिली. डॉक्टरांनी दुसरा पर्याय ठेवला नव्हता. त्यांतली दोन परत आली आहेत. गच्चीचे दार बंद असते. काचेतून ती कठड्यावर बसलेली दिसतात. शेजारच्या पूर्णिमाबाई त्यांना दाणे घालतात आणि मला शिव्याही घालतात. म्हणतात, "सर, भावाची पाखरं अशी घालवतात व्हय?" त्यांना कारण समजावून सांगण्याएवढा श्वास अजून एका दमात जमत नाही.

रूपाली गेल्या आठवड्यात मला भेटली. हातात इनहेलर होता. तिने माझी चौकशी केली, मी तिची. तिने यंत्राचा विषय काढला नाही, म्हणून मी काढला. ती म्हणाली, "मामा, मला कळत होतं. पण तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं ना. मोठ्यानं वाचलं की माणसाला स्वतःलाही पटतं." नंतर तिने मला त्या इनहेलरची टोपी कशी काढायची ते दाखवले, जणू मला उद्यापासून लागणार आहे.

तू विचारतेस की तिने मला काय विचारले होते. तिने विचारले होते, यंत्र खोटे असेल तर दम कशाने लागतो. त्या प्रश्नाचे उत्तर अठरा डिसेंबरला देता आले असते: यंत्र खोटे नाही, तिची छाती खरोखर आजारी आहे म्हणून. आज देतो आहे. हे पत्र तिच्याकडूनच वाचून घे, आणि पुढची ओळ तिला वगळू देऊ नकोस.

पहिल्या पत्रात मांडलेली प्रतिज्ञा सिद्ध झाली नाही. मी ती मागे घेतो. कबुली एका चुकीची देतो, कारण बाकीच्या तिच्यातूनच निघाल्या. मी यंत्राचा आकडा तपासला, पण दम लागणे हा पुरावा धरला नाही. रूपालीने तो मला लिहून पाठवला, तेव्हा प्रश्नाबाहेरचा म्हणून मी तो वगळला. आणि माझा स्वतःचा, रोज जिन्याच्या वळणावर हाती येणारा, मी कागदावर उतरवलाच नाही.

अमरसिंह विठोजी इंगवले